अजिंठा, खराडीमार्गे

सहाची बस म्हणून सम्यकनगरातली बेचाळीस माणसं साडेपाचला रस्त्यावर आली आणि साडेआठपर्यंत रस्त्यावरच राहिली, कारण भाऊ उठायचे होते.

भाऊ म्हणजे राकेशभाऊ. वय छत्तीस, व्यवसाय इच्छुक. पुण्यात हा आता स्वतंत्र धंदा झाला आहे. पालिकेच्या निवडणुकीची नुसती कुणकुण लागली तरी दर चौकात दहाबारा इच्छुक उगवतात आणि तिकीट मिळेपर्यंत मतदारांना बसमध्ये घालून फुकट फिरवत सुटतात. कुणाला अष्टविनायक, कुणाला उज्जैन, कुणाला थेट काशी. पोटच्या पोरानं कधी सारसबागेत नेलं नाही अशा म्हाताऱ्यांना इच्छुक गंगेत बुचकळून आणतो. निवडून आला की हाच माणूस वस्तीतल्या नाल्यापर्यंत यायला पाच वर्षं मुहूर्त शोधतो.

सम्यकनगर नगर रस्त्याच्या अलीकडे, नाल्याच्या काठाला. घरं बहुतेक बौद्धांची. त्यांना अष्टविनायकाला नेऊन मतं मिळणार नाहीत, एवढं भाऊंच्या कुणातरी हुशार माणसाला कळलं आणि त्यानं वेरूळ-अजिंठा काढलं. इथपर्यंत अक्कल चालली, मग दमली. बसच्या तोंडाला बॅनर लागला तो गेल्या वर्षीचाच, फक्त गावाचं नाव बदललेला : ‘श्रीक्षेत्र अजिंठा देवदर्शन यात्रा’. एका कोपऱ्यात कलश, दुसऱ्या कोपऱ्यात हात जोडलेले भाऊ.

आणि नेमका या बॅनरखाली दशरथ ओव्हाळ उभा होता.

दशरथनं चौतीस वर्षं टपालखात्यात दुसऱ्यांची पत्रं गावाप्रमाणे लावली आणि रिटायर झाल्यावर स्वतःची लिहायला घेतली. वर्तमानपत्रांना, आयुक्तांना, वाहतूक शाखेला, वीज कंपनीला. आठवड्याला चार. पुण्यात पत्र लिहिणारे म्हातारे पैशाला पासरी आहेत, पण बाकीचे ‘कृपया लक्ष घालावे’ असं लिहितात. दशरथ लिहायचा, ‘लाज असेल तर लक्ष घालावे.’ त्यामुळे त्याची पत्रं छापून कमी यायची, पण फाइलला जपून लावली जायची. अशा माणसानं फुकटच्या सहलीला जाणं म्हणजे मांजरानं उपास धरणं. तो आला नव्हता. त्याला आणला होता.

“हे देवदर्शन कुणी लिहिलं?” त्यानं श्यामला विचारलं. श्याम हा भाऊंचा कार्यकर्ता. हातात यादी, कानात वायर, आणि चेहऱ्यावर कालच लग्न पार पाडल्यासारखा थकवा.

“काका, मॅटर रेडी होतं. फक्त गाव चेंज केलं.”

“अजिंठ्याला कुठला देव आहे?”

“म्हणजे… लेणी पण एक प्रकारचे देवच ना, काका.”

“आमच्या बापांनी देव छप्पन साली गाठोड्यात बांधून नदीत सोडले. तू आता कुठले दाखवायला नेतोयस?”

“दशरथ,” बसच्या पायरीवरून गोदाबाई ओरडल्या. गोदाबाई वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या, वय पंचाहत्तर, आवाज पंचवीसचा. “बोर्ड भाईर लावलाय. आपल्याला आत बसायचंय. चढ मुकाट.”

पुढे भाऊ आले. पांढऱ्या गाडीतून उतरले आणि उतरता उतरता फोनवर बोलत राहिले. टायरखाली लिंबू ठेवलं, बसच्या नाकावर नारळ फोडला. दशरथ पुन्हा उसळणार तेवढ्यात गोदाबाईंनी त्याला गप्प केलं, “फोडू दे रे, चटणीला खोबरं होतंय.” मग भाषण झालं. माझ्या आया, माझ्या बहिणी, मी नेता नाही, मी तुमचा मुलगा. गोदाबाई शेजारणीला म्हणाल्या, “मला चार हायेत असले. एक बी सकाळी उठत नाही.” सगळ्यांना भाऊंचा फोटो छापलेल्या टोप्या मिळाल्या आणि नऊ वाजता सहाची बस सुटली.

हिरा खिडकीशी बसली होती. दशरथची बायको. टोपी तिनं घातली नाही, मांडीवर ठेवली. आजची सगळी भानगड तिच्यामुळे होती. दशरथला न विचारता तिनं यादीत दोन नावं घातली, आणि मग फक्त कळवलं.

तिनं एकोणतीस वर्षं बालवाडी चालवली. तिथल्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यात अजिंठ्याचं चित्र. हातात कमळ धरलेला, मान कललेला बोधिसत्त्व. वर्ष संपलं तरी ते पान कुणी काढलं नाही. दरवर्षी नवी पोरं विचारायची, “बाई, याला काय झालंय?” आणि बाई दरवर्षी वेगळं उत्तर द्यायच्या. त्याला झोप आलीय. त्याची आई बाजाराला गेलीय. तो ऐकतोय. खरं काय ते तिला प्रत्यक्ष बघून ठरवायचं होतं. सहा वेळा जायचं ठरलं. एकदा टपालखात्याचा संप आला आणि दशरथ पुढारी झाला. एकदा त्याची माहिती अधिकाराची सुनावणी लागली. एकदा पाण्याच्या टाकीसमोर उपोषण. एकदा तर एसटीत बसल्यावर सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडून दोघं शिवाजीनगरच्या स्टँडवरच उतरली. त्या दिवशी हिरानं घरी येऊन बांधून घेतलेल्या दशम्या मुकाट्यानं वाढल्या होत्या. ओरडली असती तर बरं, असं दशरथला अजूनही वाटायचं.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. डाव्या डोळ्याचं जवळपास संपलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, “गेलेलं परत येत नाही. उजव्यात आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. पण जे काही बघायचं असेल ते लांबणीवर टाकू नका.” लेण्यात आधीच अंधार, त्यात तिची नजर. रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली होती, “सातव्यांदा तुमच्या भरवशावर नाही.” महिन्याभरानं यादी आली.

उद्या रविवार, उद्या अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात. म्हणजे ही बस उद्या पोचली तर पोचली.

बस मात्र नगर रस्त्यावर होती. शनिवारी आयटीवाले घरी असतात, म्हणून खराडीकडचा रस्ता मोकळा मिळेल असं ज्याला वाटतं त्यानं पुण्यात राहू नये. आठवडाभर ऑफिसला न पोचलेले सगळे शनिवारी मॉलला पोचायला निघतात. त्यात रस्ता उकरलेला. का उकरला ते कुणाला माहीत नाही. उकरणाऱ्यांनाही नसावं, कारण ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून आत बघत होते. दशरथनं खिशातून वही काढून तारीख, वेळ, खड्ड्याची जागा टिपली.

“सुट्टीवर आहात ना आज?” हिरानं विचारलं.

“खड्डा सुट्टीवर आहे का?”

सहा किलोमीटरला पावणेदोन तास लागले. खराडीच्या त्या काचेच्या इमारतींपुढे बस कायमची थांबल्यासारखी थांबली. ड्रायव्हर शंभू लोणी काळभोरचा. त्यानं इंजिन बंद केलं आणि शांतपणे तंबाखू मळायला घेतली.

तेवढ्यात श्यामचा फोन वाजला. “हो भाऊ… हो भाऊ… कधी आली?… आज शनिवार ना भाऊ?… सगळी गल्ली?… नाल्याच्या अलीकडची पण?” बोलता बोलता तो वळला आणि बसकडे बघायला लागला, पाहुणे जेवायला बसल्यावर भात करपल्याचं कळलेल्या बाईसारखा.

दशरथ पुढून दुसऱ्या रांगेत होता. “काय झालं रे?”

“काही नाही काका. थोडा टेक्निकल इश्यू.”

“बसचा?”

“वॉर्डाचा.”

झालं ते असं. पाणी सोडायला शनिवारी सरकारला सुट्टी असते, पण असल्या कामांना नसते. प्रभागांची शेवटची रचना सकाळी दहाला जाहीर झाली होती. कुणीतरी नकाशावर रेघ ओढताना नाल्याच्या या बाजूनं न ओढता त्या बाजूनं ओढली. सम्यकनगर उचलून शेजारच्या प्रभागात गेलं. म्हणजे या बसमधली बेचाळीस मतं आता राकेशभाऊंच्या काडीच्या कामाची नव्हती. नऊ वाजता ज्या आया होत्या, त्या पावणेअकराला परक्याच्या झाल्या.

“शंभू, यू-टर्न मार,” श्याम हळूच म्हणाला.

“कुठं मारू? मुंगीला वळाया जागा न्हाय.”

“पुढच्या सिग्नलला मार. भाऊंनी गाडी परत बोलावलीय.”

दशरथ उभा राहिला. चौतीस वर्षांच्या युनियनचा आवाज त्याच्या गळ्यात अजून शाबूत होता. त्यानं सगळ्या बसला सांगितलं, काय झालंय ते. एकदम कालवा झाला. कुणी म्हणालं, मी मुलीला किल्ली देऊन आलेय. कुणी म्हणालं, मी गोळ्या तीन दिवसांच्या बांधल्यात. श्याम हात जोडत होता. “माझा काही दोष नाही हो. पुढच्या वेळी नक्की. म्हणजे… पुढच्या वेळी तुमचे जे कोण असतील ते नेतील.”

आणि मग त्यानं खाली मान घालून एकेक वस्तू गोळा करायला सुरुवात केली. पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके. स्पीकर. नाष्ट्याची पिशवी, ज्यातला नाष्टा अजून कुणी पाहिलाही नव्हता. “भाऊ म्हणाले, दुपारी दुसरा ग्रुप आहे जेजुरीला.” मग टोप्या मागायला लागला.

“टोपी न्हाय देत,” गोदाबाई म्हणाल्या. “ऊन हाय.”

“आजी, भाऊंचा फोटो आहे त्यावर.”

“तू टोपी काढलीस तर मी इथंच उतरून तुझ्या भाऊचं नाव घेऊन रडंन. इथं समदे मोबाईलवालेच हायेत.”

श्यामनं टोपी सोडली. बॅनर सोडवला, गुंडाळला, खोके फुटपाथवर उतरवले आणि रिक्षा शोधायला लागला. खराडीत रिक्षा मिळेना. त्याचं ते उन्हात खोक्यांवर बसणं बघून दशरथला क्षणभर बरं वाटलं. पुण्यात न्याय मिळतो, फक्त भलत्यालाच मिळतो.

शंभूनं मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, पार्टीनं कॅन्सल केलंय, गाडी घेऊन ये. “काका, मी काय करू सांगा,” शंभू म्हणाला. “माझी चालवायची ना न्हाय. पर गाडी मालकाची हाय.”

दशरथ हिराजवळ येऊन बसला. “चल, उतरू. वाघोलीला एसटी थांबते. दोघंच जाऊ.”

“आणि ह्या?” हिरानं मागे मान केली. “गोदाबाई? मी सहा घरं फिरून एकेकीला तयार केलंय. त्यांना सांगू, तुम्ही जा घरी, आम्ही येतो बघून?”

“मग पुढच्या महिन्यात. मी स्वतः…”

हिरानं त्याच्याकडे बघितलं. म्हणजे त्याच्या दिशेनं बघितलं. अलीकडे ती बघायची त्याच्या कानाच्या थोडं बाजूला. दशरथनं वाक्य अर्धवट सोडलं. सातव्यांदा तेच बोलायला माणूस निगरगट्ट असावा लागतो, आणि तो कितीही असला तरी एवढा नव्हता.

“आता आपण कुणाच्या वॉर्डात गेलो?” हिरानं विचारलं.

दशरथला उत्तर माहीत होतं, म्हणूनच तो खिडकीबाहेर बघायला लागला.

शेजारच्या प्रभागात दिग्विजय होता. तोही इच्छुक, पण जरा वरच्या दर्जाचा. दाढी कोरलेली, बूट पांढरे. त्यानं गेल्या वर्षी बागेत तेरा बाकडी बसवली होती आणि प्रत्येक बाकड्याच्या पाठीवर स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलं होतं, की रंग वाळायच्या आत टेकलेल्या लोकांच्या शर्टावर ते उमटलं. दशरथनं पत्र लिहिलं होतं : ‘जनतेच्या पाठीवर नाव लिहिण्याची पद्धत पूर्वी गुरांसाठी होती.’ ते पत्र छापून आलं. दशरथच्या आयुष्यातलं सर्वांत गाजलेलं पत्र. लोकांनी चौकात थांबवून हात मिळवले होते. आणि आता त्याच दिग्विजयला…

“मी करणार नाही,” तो म्हणाला.

“मी काही म्हटलंच नाही.”

“त्याच्या दारात मी भीक मागू? मी?”

“नका मागू.” हिरानं पिशवी आवरायला घेतली. डब्याचं झाकण चाचपून लावलं, पाण्याची बाटली चाचपून आत घातली. चष्मा तिच्या शेजारीच सीटवर पडला होता. तिचा हात दोनदा त्याच्या बाजूनं गेला. तिसऱ्यांदा दशरथनं तो उचलून तिच्या हातात दिला. मग उठला, बसच्या मागच्या काचेपाशी गेला आणि पत्रावर उत्तर म्हणून दिग्विजयनं एकदा पाठवलेला नंबर लावला.

“ओव्हाळकाका!” पलीकडून असा आवाज आला, जणू जावई बोलतोय. “तुमचं ते पत्र फ्रेम करून लावलंय ऑफिसात. काय धार आहे हो लिखाणाला! बोला.”

दशरथनं तीन वाक्यांत सांगितलं. विनंतीचा सूर त्याला येत नव्हता, त्यामुळे ते सगळं नोटीस बजावल्यासारखं वाजलं.

“अहो, आपलीच माणसं तुम्ही! सकाळी दहापासून. मालकाला मी बोलतो, तो आपल्याकडेही गाड्या देतो. दोन मिनिटं.” मग जरा थांबून, “एकच करा काका. रूपाली येईल, आमचं सोशल मीडिया बघते. तीस सेकंदांचा व्हिडिओ. मनापासून बोला.”

“मनापासून बोललो तर तुम्हाला परवडायचं नाही.”

“बोला हो बिनधास्त. लोकशाही आहे.”

फोन ठेवता ठेवता दशरथच्या डोक्यात उजेड पडला. बोलायचंच आहे ना? मग खरं बोलू. एकूण एक. बाकडी, टोप्या, नारळ, वॉर्डाची रेघ. त्यांनी टाकला व्हिडिओ तर तेच उघडे पडतील. नाही टाकला तर आपण बोललो हे कुणाला कळणार नाही. दोन्हीकडून जीत. त्याला स्वतःच्या हुशारीचं एवढं कौतुक वाटलं, की तो बसमधून खाली उतरून मिशीवरून हात फिरवत उभा राहिला.

पुण्यात अँब्युलन्सला वेळ लागतो, फ्लेक्सला लागत नाही. पाऊण तासात रूपाली स्कूटरवर गल्लीबोळांतून आली, मागे एक पोरगी फ्लेक्सची गुंडाळी धरून. शाई अजून ओली होती. ‘धम्मभूमी अजिंठा अभ्यास सहल’. देवदर्शन नाही, कलश नाही. मजकूर इतका बरोबर होता, की दशरथला चूक सापडेना आणि त्याचाच त्याला राग आला. पाण्याचे खोके आले, वडापाव आले, गरम होते. गोदाबाईंनी जुन्या टोपीवर नवी टोपी चढवली आणि खायला बसल्या.

“काका, इकडे उभे राहा,” रूपाली म्हणाली. “बस मागे येऊ दे. आधी नमस्कार करा, मग बोला. लाजू नका हं.”

लाजणार कोण? दशरथ भाषणाला उभा राहिला की आधी दोन्ही हात जोडून ‘जय भीम’ म्हणायचा. चाळीस वर्षांची सवय. गेटसभेत, मयतीत, पोरीच्या लग्नात, पोलीस चौकीत. त्यानं हात जोडले, चांगले छातीशी धरून, वाकून, सावकाश. मग सुटला.

“आज सकाळी एका माणसाची आम्ही आई होतो. पावणेअकराला त्यानं आईला खराडीत उतरवलं आणि पाण्याची बाटली काढून घेतली. आता दुसरा मुलगा आलाय. यानं वडापाव आणलाय. उद्या रेघ पुन्हा हलली तर हाही वडा काढून घेईल, म्हणून बायांनो, लवकर खा. हे दोघं मिळून आम्हाला फिरवत नाहीत, आम्ही त्यांना फिरवतोय, कारण मत पेटीत पडेपर्यंत आमच्या खिशात आहे. दिग्विजयराव, तुमच्या बाकड्यांचा रंग अजून माझ्या शर्टावर आहे. तुम्हाला लाज वाटत नाही, ठीक. मला आज तुम्हाला फोन करताना वाटली. पण माझ्या बायकोला अजिंठा बघायचाय, आणि तो मी तिला चाळीस वर्षांत दाखवला नाही, म्हणून…”

इथे त्याचे डोळे भरून आले. धुळीमुळे असेल, समोरून डंपर गेला होता. त्यानं ते पुसले. हॉर्न वाजत होते. रूपाली अंगठा वर करून हसत होती. “एकदम मस्त काका! खूप इमोशनल!”

“ऐकलंस ना नीट मी काय बोललो?”

“हो हो. परफेक्ट.”

बस हलली. बारा वाजून गेले होते. दशरथ ताठ मानेनं आपल्या जागी बसला आणि हिराला म्हणाला, “सगळं बोललो. एक शब्द गिळला नाही.” त्याला कितीतरी वर्षांत इतकी भूक लागली नव्हती. त्यानं दोन वडापाव खाल्ले.

वाघोलीच्या अलीकडे बस पुन्हा तुंबली आणि तिथं मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, “काका, तुम्ही आलात!” मोबाईल हातोहात पुढे आला.

व्हिडिओ बावीस सेकंदांचा होता. दशरथ हात जोडतो, वाकतो. सावकाश, अगदी सावकाश. त्यांनी तो भाग आणखी संथ केला होता. समोरच्या अर्ध्या पडद्यावर दिग्विजय, तोही वाकलेला, जणू नमस्कार झेलतोय. मग दशरथ बोट हलवून हलवून काहीतरी तळमळीनं सांगतो, ओठ हलतात, डोळे भरून येतात, तो डोळे पुसतो. आवाज एकही नाही. वरून ढोल आणि तुतारी. खाली सोनेरी अक्षरं : ‘दादा, तुम्ही होतात म्हणून…! — ज्येष्ठ विचारवंत दशरथकाका ओव्हाळ’. मागे गोदाबाई दोन टोप्या घालून वडा खातायत.

चार हजार लोकांनी बघितला होता. बघता बघता साडेचार हजार.

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, ही म्हण दशरथ आजवर दुसऱ्यांना लावत आला होता. तो ताडकन उठला. “गाडी थांबव!”

“थांबलेलीच हाय काका,” शंभू म्हणाला. “पाऊण तास झाला.”

“दार उघड. मी परत जातो. निवडणूक शाखेत तक्रार देतो. पोलिसात देतो. सायबरला देतो. माझ्या तोंडातली भाषा काढून तुतारी घातली हरामखोरांनी! आजच्या आज पत्रकार परिषद घेतो.”

दार उघडलं. तो पायरीवर उतरला. खाली धूळ, ट्रकांच्या रांगा, आणि दुभाजकापलीकडे पुण्याकडे जाणारी मोकळी लेन. त्या बाजूला चक्क रस्ता रिकामा होता. कुणीही दहा मिनिटांत येरवड्याला पोचलं असतं.

“अहो,” आतून हिराचा आवाज आला. मोठा नव्हता, पण बस गप्प झाली होती. “जायचं तर जा. औषधाची पिशवी तेवढी माझ्याकडे द्या. दुपारचा थेंब गोदाबाई घालतील.”

“तुला कळतंय का, त्यांनी माझं काय केलं?”

“कळतंय. तक्रार सोमवारी दिली तर घेत नाहीत का?”

“सोमवारपर्यंत पन्नास हजार लोक बघतील!”

“बघू दे. मी उद्या एकच बघणार आहे.”

पुढचा ट्रक हलला. मग त्याच्या पुढचा. शंभूनं गिअर टाकला आणि आरशातून पायरीकडे बघितलं. “काका, आत का भाईर? मागनं लई बोंबलाय लागलेत.”

औषधाची पिशवी दशरथच्या खांद्याला होती. ती काढून आत द्यायची आणि उतरायचं, एवढंच होतं. त्यानं पट्टा खांद्यावरून अर्धा काढला. खिशात फोन वाजला. युनियनमधला जुना दोस्त सोनबा. तीस वर्षं एका टेबलावर पत्रं लावलेला, आणि तेवढीच वर्षं दशरथनं ज्याला ‘मॅनेजमेंटचा चमचा’ म्हणून हिणवलेला. त्यानं फोन घेतला.

“काय ओव्हाळसाहेब!” सोनबा हसू दाबतच बोलत होता. “बघितला बरं का व्हिडिओ. रडलात अगदी! शेवटी तुम्ही पण गेलात म्हणायचं विकले?”

बस चालायला लागली होती. पायरीखालून रस्ता सरकत होता. अजूनही उतरता आलं असतं.

“हो, गेलो,” दशरथ म्हणाला. “दोन माणसं, अजिंठा, खिडकीची जागा. तुला कधी एवढा भाव मिळाला होता का? ठेव फोन.”

त्यानं पिशवी पुन्हा खांद्यावर चढवली, वर आला आणि दार ओढून घेतलं. गोदाबाईंनी पाय पसरून त्याची सीट व्यापली होती. त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. तो हिराच्या सीटला धरून उभा राहिला. तिनं वर बघितलं नाही. खिडकीबाहेर वाघोलीची दुकानं एकेक मागे पडत होती आणि ती उजवा डोळा काचेला लावून त्यांवरच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होती, मोठ्यानं, अक्षर लावत.

“ते काय लिहिलंय?” तिनं एका फ्लेक्सकडे बोट केलं. “कुणाचा फोटो आहे तो?”

“कुणाचा नाही,” दशरथ म्हणाला. “पुढचं बघ.”